दुसऱ्यांदा बसण्याचा हक्क

२०२४ साली मी न्यू जर्सीला लेकीकडे मुक्कामाला होतो. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा असेल. नात बारावीत. रात्रीची जेवणं उरकल्यावर ती लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही इतकी वर्षं पेपर तपासलेत ना? मग सांगा, मी कुठले मार्क पाठवू? मेमधले, ऑगस्टमधले, की दोन्ही?’’

मी चक्रावलोच. आमच्या पिढीत मार्क ‘पडायचे’. पाऊस पडतो तसे. ते निवडायचे असतात, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनं मग मला सगळं समजावून सांगितलं. अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठी ‘सॅट’ नावाची परीक्षा असते. भाषा आणि गणित असे दोन भाग, प्रत्येकी २०० ते ८०० गुण, म्हणजे एकूण १६००. २०२४ मध्ये वर्षातून सात वेळा ही परीक्षा होत असे आणि तिला कितीही वेळा बसता येतं. मे महिन्यात तिला भाषेत ६८० आणि गणितात ७१० गुण पडले, एकूण १३९०. ऑगस्टमध्ये भाषेत ७२० आणि गणितात ६९०, म्हणजे १४१०. गंमत पुढेच आहे. पुष्कळ कॉलेजं दोन्ही वेळच्या गुणांतून प्रत्येक विषयाचे सर्वांत चांगले गुण उचलतात. त्याला ते ‘सुपरस्कोअर’ म्हणतात. म्हणजे ७२० अधिक ७१०, एकूण १४३०. एका बैठकीत तिला कधीच न पडलेले गुण कॉलेजच्या दप्तरी मात्र तिच्या नावावर जमा!

ते ऐकताना मला माझ्या ताईची आठवण झाली. ती का झाली, ते शेवटी सांगतो. मी पडलो इतिहासाचा मास्तर. कुठलीही गोष्ट पहिल्यापासून समजल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा आधी या परीक्षेची जन्मकथा ऐका.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली नामवंत कॉलेजं आपापली प्रवेश परीक्षा स्वतःच घेत. एकाची पुस्तकं वेगळी, दुसऱ्याची वेगळी. शाळामास्तर बिचारे हैराण. एकाच वर्गातली चार मुलं चार कॉलेजांना जाणार म्हटल्यावर त्यांनी शिकवायचं तरी काय? यावर तोड म्हणून १९०० साली काही कॉलेजांनी आणि शाळांनी एकत्र येऊन ‘कॉलेज बोर्ड’ स्थापन केलं. १९०१ च्या जूनमध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. परीक्षार्थी होते अवघे ९७३. उत्तरं सविस्तर लिहायची आणि परीक्षकांनी ती वाचून शेरा द्यायचा. उत्कृष्टपासून अगदी वाईटपर्यंत पाच शेरे होते. आपल्या मॅट्रिकच्याच कुळातलं हे प्रकरण.

मग आलं पहिलं महायुद्ध. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लाखो रंगरूट भरती झाले. कुणाला अधिकारी करायचं आणि कुणाच्या हाती फावडं द्यायचं, हे झटपट ठरवण्यासाठी रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं बुद्धिमापन चाचण्या तयार झाल्या. सुमारे १७ लाख माणसांनी त्या दिल्या. या कामात कार्ल ब्रिगहॅम नावाचा एक तरुण होता. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९२३ मध्ये त्यानं सैन्यातल्या आकडेवारीवर एक पुस्तक लिहिलं आणि उत्तर युरोपातले लोक जात्याच जास्त बुद्धिमान असतात, असा निष्कर्ष काढला. त्याच ब्रिगहॅमकडे कॉलेज बोर्डानं नव्या चाचणीचं काम सोपवलं. २३ जून १९२६ रोजी पहिली ‘सॅट’ झाली. ८ हजार ४० मुलं बसली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न! म्हणजे एका प्रश्नाला वीस सेकंदही नाहीत. पुढे १९३० मध्ये ब्रिगहॅमनं आपले वांशिक निष्कर्ष निराधार होते, असं जाहीरपणे लिहून ते मागे घेतले. स्वतःची चूक छापून कबूल करणारे विद्वान थोडेच असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. परीक्षा मात्र मागे घेतली गेली नाही. ती वाढतच गेली.

ती वाढवण्यात हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांचा मोठा वाटा. १९३३ मध्ये ते अध्यक्ष झाले तेव्हा हार्वर्डमध्ये बड्या घरच्या मुलांचा भरणा होता. कॉनंटना दूरच्या प्रांतांतली हुशार, पण सामान्य घरातली मुलं आणायची होती. त्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी हेन्री चॉन्सी या सहकाऱ्यानं ‘सॅट’ची निवड केली. लॅटिन शिकवणारी महागडी शाळा ज्याला मिळाली नाही, त्याचीही हुशारी या चाचणीत दिसेल, अशी त्यांची कल्पना. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जुनी निबंधवजा परीक्षा बंद पडली आणि ‘सॅट’ हाच राजमार्ग झाला. १९४७ मध्ये परीक्षा घेण्यासाठी ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था निघाली आणि चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १९५८ पर्यंत मुलांना स्वतःचे गुण कळतच नसत! गुण शाळेला कळत, कॉलेजला कळत. पेपर लिहिणाऱ्याला नाही. मुलांना आकडा कळला तर ती त्याचा भलताच अर्थ लावतील, अशी मोठ्यांना भीती. डॉक्टरनं आजाराचं नाव घरच्यांना सांगायचं आणि रोग्यापासून लपवायचं, त्यातलाच हा प्रकार. ज्याला आपला आकडाच ठाऊक नाही, तो ‘पुन्हा बसू का?’ असं कशाच्या जोरावर विचारणार? म्हणून या परीक्षेचा इतिहास मला एका प्रश्नाचा इतिहास वाटतो. मार्क कुणाचे? परीक्षा घेणाऱ्याचे, कॉलेजचे, की मुलाचे?

या प्रश्नाला पहिला धक्का दिला तो ब्रुकलीनमधल्या एका शिकवणीवाल्यानं. स्टॅनली कॅप्लन हे प्लंबरचे चिरंजीव. १९४६ मध्ये त्यांनी घराच्या तळघरात ‘सॅट’ची शिकवणी सुरू केली. ही परीक्षा उपजत कुवत मोजते, शिकवणीनं काही फरक पडत नाही, असं परीक्षा घेणारे ठणकावून सांगत. कॅप्लन म्हणत, पडतो! परीक्षा संपली की ते मुलांना पिझ्झा खायला बोलावत आणि गप्पांच्या ओघात कुणाला कुठले प्रश्न आठवतात, ते टिपून घेत. वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर १९७९ मध्ये ‘फेडरल ट्रेड कमिशन’ या सरकारी आयोगाच्या पाहणीत शिकवणीनं थोडेबहुत गुण वाढतात, असंच निघालं. शिकून गुण वाढत असतील, तर पहिल्या प्रयत्नातला आकडा ही काही ब्रह्मरेषा नव्हे. पुन्हा बसण्याला अर्थ आला तो इथे.

त्याच १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं कायदा केला. परीक्षार्थीनं मागितल्यास प्रश्नपत्रिका, त्याची उत्तरं आणि बरोबर उत्तरं त्याला दाखवलीच पाहिजेत. फळ लगेच दिसलं. १९८० च्या ऑक्टोबरात ‘सॅट’च्या आधीची सराव परीक्षा झाली. तीत एक प्रश्न होता. चौरस तळाचा एक पिरॅमिड आणि त्रिकोणी तळाचा दुसरा. दोन्हींचे सगळे त्रिकोण समभुज आणि एकसारखे. एकेक त्रिकोण जुळवून ते एकमेकांना चिकटवले, तर नव्या आकृतीला किती बाजू? पाचातले आणि चारातले एकेक गेले, उरले सात. परीक्षकांचं उत्तर सात. फ्लॉरिडातल्या सतरा वर्षांच्या एका मुलानं लिहिलं, पाच. त्याचं उत्तर चूक ठरलं. त्यानं घरी मॉडेल बनवून पाहिलं. चिकटवल्यावर दोन ठिकाणी शेजारशेजारचे त्रिकोण एकाच पातळीत येतात आणि त्यांची मिळून एकेक बाजू होते. उत्तर पाचच! १९८१ मध्ये संस्थेला चूक मान्य करावी लागली आणि ज्यांचं उत्तर पाच होतं त्यांचे गुण वाढले. परीक्षक चुकू शकतो, हे एका विद्यार्थ्यानं पुठ्ठ्याच्या जोरावर सिद्ध केलं.

आता येऊ नातीच्या प्रश्नाकडे. पूर्वी ‘सॅट’ला तीनदा बसलात, तर कॉलेजला तीनही वेळचे गुण एकत्रच जात. लपवाछपवी नाही. १९९३ मध्ये कॉलेज बोर्डानं विषयवार चाचण्यांपुरती मुभा दिली. गुण आधी बघा, मग हवे तेच पाठवा. २००२ मध्ये ती काढून घेतली. एक तर गुण पाठवायला मुलं विसरत. शिवाय ज्यांच्या खिशात पैसा, ती मुलं पुन्हा पुन्हा बसून उत्तम तेवढं दाखवत, असा आक्षेप होता. पण २००९ च्या मार्चपासून खुद्द ‘सॅट’लाच ही सोय लागू झाली. नाव ‘स्कोअर चॉईस’. प्रतिस्पर्धी ‘एसीटी’ परीक्षेत असं निवडून पाठवणं आधीपासून होतं, तेव्हा यात गिऱ्हाईक टिकवण्याचा हिशेब आहे, अशी टीका झाली. स्टॅनफर्ड, येल, कॉर्नेल अशा विद्यापीठांनी तेव्हा सांगून टाकलं की, आम्हाला निवड नको, सगळे गुण पाठवा. पुढे त्यांतल्या काहींनी धोरण बदललं. जॉर्जटाउन विद्यापीठाचा मात्र २०२४ मध्येही ‘सगळे दाखवा’ असाच आग्रह होता.

२०२० मध्ये करोना आला, परीक्षाकेंद्रं बंद पडली आणि शेकडो कॉलेजांनी गुण पाठवणंच ऐच्छिक केलं. कुठले पाठवू, याच्या जोडीला पाठवू की नको, हाही प्रश्न आला. कॅलिफोर्निया विद्यापीठानं तर प्रवेशासाठी ‘सॅट’ बघणंच सोडून दिलं. उलट, एमआयटीनं २०२२ मध्ये, तर डार्टमथ, येल, ब्राऊन आणि हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये परीक्षेची सक्ती परत आणली. त्यांचं एक कारण विचार करण्याजोगं आहे. ऐच्छिक म्हटल्यावर गरीब वस्तीतल्या शाळांमधली हुशार मुलं आपले गुण कमी समजून पाठवतच नव्हती. त्यांच्या परिस्थितीकडे पाहता ते गुण उत्तम होते. पण हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं.

सगळी मेख या ‘सांगायला कुणी नव्हतं’मध्ये आहे. पुन्हा बसायची मुभा सगळ्यांनाच आहे. मग प्रत्यक्षात बसतं कोण? गुडमन, गुरांट्झ आणि स्मिथ या तीन अर्थशास्त्रज्ञांचा यावरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘सॅट’ देणाऱ्यांपैकी निम्मीच मुलं दुसऱ्यांदा बसतात आणि गरीब घरांतली त्याहून कमी. त्यांना एक गमतीदार गोष्टही दिसली. शंभराच्या पटीच्या किंचित खाली आकडा आला, की मुलं हटकून पुन्हा बसतात. आपल्याकडच्या बाटाच्या किमतीसारखं. ३९९ रुपये म्हटलं की तीनशेच्या घरातलं वाटतं, तसं १३९० म्हटलं की तेराशे दिसतात. याचा फायदा घेऊन त्यांनी शंभरीच्या जरा अलीकडच्या आणि जरा पलीकडच्या मुलांची तुलना केली. कुवतीत फरक नाही, फरक फक्त पुन्हा बसण्याचा. निष्कर्ष असा की, पुन्हा बसल्यानं गुण चांगलेच वाढतात, चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घेण्याचं प्रमाण वाढतं आणि हा फायदा गरीब मुलांना जास्त होतो. सगळ्या थरांतली मुलं सारख्याच प्रमाणात पुन्हा बसू लागली, तर श्रीमंत आणि गरीब यांच्या प्रवेशातली दरी दहा टक्क्यांपर्यंत भरून निघेल, असा त्यांचा अंदाज. शिकवणी नको, नवी इमारत नको. नुसतं पुन्हा बसवा!

आपल्याकडेही वारं त्याच दिशेचं आहे. इंजिनिअरिंगची ‘जेईई मेन’ २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होऊ लागली आणि त्यांतले चांगले गुण धरले जाऊ लागले. दहावी-बारावीला श्रेणीसुधाराची सोय झाली. पण आमच्या वेळी पुन्हा बसणं म्हणजे नामुष्की. मार्चमध्ये आपटलेला मुलगा ऑक्टोबरला बसला, की ‘वारीला निघाला’ म्हणून गाव हसायचं.

आता ताईची गोष्ट. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून. ताई १९६० च्या मार्चमध्ये एसएससीला बसली. गणितात चार गुणांनी गेली. बाकी सगळे विषय चांगले. ऑक्टोबरचा फॉर्म भरायची मुदत आली आणि गेली. कुणी कडाडून विरोध केला असंही नाही. ‘मुलीला कशाला पुन्हा बसवायचं?’ एवढं एक वाक्य माजघरात बोललं गेलं आणि विषय संपला. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं.

चार वर्षांनी, १९६४ च्या मार्चमध्ये, मी इंग्रजीत पाच गुणांनी नापास झालो. ताईपेक्षा एक गुण जास्तच कमी. निकालाच्याच आठवड्यात वडिलांनी ऑक्टोबरचा फॉर्म आणला, फीचे पैसे उसने घेतले आणि चार महिने मला इंग्रजीच्या मास्तरांकडे पाठवलं. मी पास झालो. प्रमाणपत्रावर ‘ऑक्टोबर १९६४’ असं ठळक छापलेलं आहे. ते लपवायची सोय नव्हती. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत एका गृहस्थांनी त्या शब्दावर बोट ठेवून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं होतं. ती नजर मला आजही आठवते. पण त्यापुढची छत्तीस वर्षं मी कॉलेजात शिकवलं, ती त्या ऑक्टोबरच्या जोरावर. ताई आणि मी, दोघांच्या डोक्यात फरक नव्हता. फरक होता तो एका फॉर्मचा.

म्हणून नातीनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘‘दोन्ही पाठव.’’ हिशेबही तेच सांगत होता. सुपरस्कोअर धरायचा तर कॉलेजला दोन्ही वेळचे गुण लागतातच. शिवाय पहिला प्रयत्न लपवण्यासारखं त्यात काय आहे? मग मी तिला विचारलं, ‘‘तुझ्या मैत्रिणी बसल्या का पुन्हा?’’ एक बसली नव्हती. शनिवार-रविवार ती एका दुकानात काम करायची. परीक्षेची फी साठ-सत्तर डॉलर. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना दोनदा फी माफ असते, हे तिला ठाऊकच नव्हतं. एकदाच मिळते, असा तिचा समज. नातीनं त्याच रात्री तिला फोन केला. ५ ऑक्टोबरच्या परीक्षेची मुदत अजून उलटली नव्हती. अमेरिकेतही अखेर ऑक्टोबरची वारीच! तिला पुढे किती गुण मिळाले, ते मी विचारलं नाही. ती बसली, एवढं कळलं.

परत आल्यावर ताईकडे गेलो. ती आता ऐंशीच्या घरात आहे. नातीचे दोन्ही वेळचे मार्क, कॉलेज त्यांतले चांगले कसे उचलतं, सगळं तिला सांगितलं. शेंगा सोलता सोलता ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘किती वेळा बसता येतं म्हणालास?’’ मी म्हटलं, ‘‘कितीही.’’ ती थोडा वेळ गप्प राहिली. ‘‘मला चारच कमी होते रे,’’ म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

मंडळी, आपला आकडा आपल्याला कळावा, तो पारखून बघता यावा, आवडला नाही तर पुन्हा बसता यावं आणि चांगला तेवढा दाखवता यावा, एवढ्यासाठी अमेरिकेतल्या मुलांना जवळजवळ शतक लागलं. हा हक्क आता कागदावर आहे, तिथेही आणि इथेही. पण कागदावरचा हक्क घरापर्यंत कुणीतरी पोचवावा लागतो. दरवर्षी निकालाच्या दिवशी आपण पेढे घेऊन पहिल्या आलेल्यांच्या घरी जातो. त्या दिवशी शेजारच्या ज्या घरात दिवा मंद आहे, तिथेही जाऊन या. विशेषतः तिथे मुलगी असेल तर. उपदेश नको, सांत्वनही नको. पुढची परीक्षा कधी आहे, फॉर्म कुठे मिळतो आणि त्याची शेवटची तारीख काय, एवढंच सांगून या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)